एका बुधवारचे दोन सूर्योदय : सिंगापूर ते न्यूअर्क

शनिवार, नागपूर

आमचा मुलगा सिंगापुरात आणि मुलगी न्यू जर्सीत. दोघांच्या घरांमध्ये रेखांशांचं अंतर १७८ अंश, म्हणजे जवळजवळ अर्धी पृथ्वी. एप्रिल-मे महिन्यांत तर दोन्हीकडची घड्याळं बरोबर बारा तासांनी वेगळी असतात. दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही नागपुरातून फोन लावतो, तेव्हा मुलाकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि मुलीकडे सकाळचे नऊ. तिघांना जमेल अशी तेवढी एकच वेळ.

यंदा ठरवलं, आधी मुलाकडे जायचं आणि तिथूनच थेट मुलीकडे. नागपूरकराला न्यू जर्सी गाठायची तर मुंबई किंवा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणंच सोयीचं. पण सिंगापूर ते न्यूअर्क (न्यू जर्सीतलं विमानतळ) हे जगातल्या सर्वांत लांब थेट उड्डाणांपैकी एक आहे, आणि मी सगळी नोकरी वर्गात अक्षांश-रेखांश शिकवण्यात घालवली. हे उड्डाण एकदा करायचंच, असं मनात होतं. ह्यांनी बँकेत जन्म काढलेला, त्यामुळे खर्च आधी विचारला. पण हो म्हणाले.

निघण्यापूर्वी मी अंतर स्वतः काढून पाहिलं. सिंगापूरचं चांगी विमानतळ विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा-दीड अंश उत्तरेला आहे. न्यूअर्क ४० अंश ४१ मिनिटं उत्तरेला. आणि दोघांचे रेखांश एकमेकांच्या जवळजवळ पाठीमागे. अशा दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जाते. मग गणित सोपं झालं. चांगीपासून ध्रुवापर्यंत साडेअठ्ठ्याऐंशी अंश, ध्रुवापासून न्यूअर्कपर्यंत सव्वाएकोणपन्नास अंश, मिळून सुमारे १३८ अंश. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले की उत्तर येतं १५,३०० च्या आसपास. छापील आकडा १५,३४४ किलोमीटर आहे. पाचवी-सहावीच्या गुणाकारानं जगातलं एवढं मोठं अंतर हाताशी लागतं, याचा मला आजही आनंद होतो.

आमच्या गावात शून्य मैलाचा दगड आहे. चार घोडे, मधला स्तंभ आणि वेगवेगळ्या गावांची अंतरं कोरलेला दगड. इंग्रजांच्या काळातल्या भूमापनाची ती खूण. दरवर्षी नव्या वर्गाला मी तिथे घेऊन जायची. अंतर म्हणजे पाठ करायचा आकडा नाही, ते कुठून मोजलं आणि कसं मोजलं हेही विचारायचं असतं, हे तिथे उभं राहून सांगितलं की मुलांना पटायचं.

रविवार आणि सोमवार, सिंगापूर

नागपूर-मुंबई दीड तास. मुंबई-सिंगापूर ३,९०० किलोमीटर, साडेपाच तास, तेही रात्रीचे, झोपेत गेले. मुलगा टँपिनीसला राहतो. विमानतळ तिथून इतकं जवळ की पंचवीस मिनिटांत आम्ही घरात चहा घेत होतो.

दोन दिवस फारसे कुठे फिरलो नाही. दमटपणानं जीव हैराण होतो, आणि सूर्य इथे बाराही महिने साधारण सातला उगवतो आणि सातला मावळतो, त्यामुळे ऋतू कोणता हे कळतच नाही. मुलानं या विमानाची माहिती काढून ठेवली होती, ती मी वहीत उतरवून घेतली. सिंगापूर एअरलाइन्सनं न्यूअर्कची थेट सेवा पहिल्यांदा २००४ साली सुरू केली, चार इंजिनांच्या एअरबस ए-३४०-५०० विमानानं. इंधनाचा खर्च परवडेना म्हणून २०१३ साली ती बंद झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ए-३५०-९०० चा खास लांब पल्ल्याचा प्रकार आला आणि सेवा पुन्हा सुरू झाली. या विमानाला दोनच इंजिनं. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळालाही तशीच थेट विमानं जाऊ लागली. तिथलं अंतर १५,३४९ किलोमीटर.

इथे मी थांबले. केनेडी आणि न्यूअर्क या दोन विमानतळांमध्ये तीस-पस्तीस किलोमीटरचं अंतर आहे, मग सिंगापूरपासूनच्या अंतरात फरक फक्त पाचाचा कसा? पृथ्वीचा गोल समोर घेतला तेव्हा उलगडलं. ही दोन्ही ठिकाणं साधारण एकाच अक्षांशावर, एक पूर्वेला नि एक पश्चिमेला. आणि सिंगापूरची वाट तिथे येते ती थेट उत्तरेकडून. उत्तरेकडून येणाऱ्याला थोडं डावीकडे काय नि उजवीकडे काय, सारखंच.

"आई, तू अजून ते गणितच करून राहिली का?" मुलगा म्हणाला. हो म्हटलं. सामान सुनेनं भरलं.

मंगळवार रात्र, चांगी

विमान रात्री साडेअकरानंतर सुटतं. दारापाशी उभं होतं ते इतर मोठ्या विमानांसारखंच दिसत होतं. वेगळं काय आहे ते पोटात आहे. त्यात १,६५,००० लिटर इंधन मावतं. नेहमीच्या ए-३५० पेक्षा २४,००० लिटर जास्त, आणि त्यासाठी वेगळी टाकी बसवलेली नाही, आहेत त्याच टाक्यांमध्ये जास्त भरता येईल अशी रचना केली आहे. लिटरचं वजन साधारण ८०० ग्रॅम धरा. पूर्ण टाक्यांचं इंधनच १३० टनांच्या वर जातं. विमानाला उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त २८० टन वजनाची परवानगी. म्हणजे जवळजवळ निम्मं वजन इंधनाचं! आणि त्या इंधनातलं बरंचसं उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं. लांबच्या उड्डाणाची खरी अडचण ही आहे. दुप्पट अंतराला दुप्पट इंधन पुरत नाही.

म्हणूनच आत माणसं कमी. ६७ जागा बिझनेसच्या आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या, एकूण १६१. साधी इकॉनॉमी नाहीच. आमच्या जागा प्रीमियम इकॉनॉमीत, खिडकीकडच्या दोनांच्या ओळीत. पाय लांब करता येत होते, शेजारी तिसरं कुणी नाही. अठरा तासांसाठी ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे, असं माझं स्पष्ट मत झालं. गुडघे दुखणाऱ्यांनी तर याचा विचार नक्की करावा.

धावपट्टीवर विमान बराच वेळ धावलं. वर गेल्यावरही लगेच फार उंच गेलं नाही. पडद्यावर उंची पाहत होते. जड विमानाला विरळ हवेत तरंगता येत नाही, म्हणून ते आधी खालच्या थरात राहतं आणि इंधन जळून हलकं होत गेलं की टप्प्याटप्प्यानं वर चढतं. रात्रभरात उंचीचा आकडा असा तीन-चारदा वाढलेला मी पाहिला.

आता वाट. गोलावर दोरा ताणला तर तो चीन, सैबेरिया आणि ध्रुव असा जातो. आमचं विमान मात्र ईशान्येला वळलं, फिलिपिन्सच्या बाजूनं जपानकडे निघालं. ह्यांनी विचारलं, "जवळची वाट उत्तरेची ना? मग हा पूर्वेला का चालला?"

कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, अतिशय वेगवान प्रवाह असतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. जपानच्या वर ते फार जोरकस असतात. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगानं वाचावं म्हणून त्यानं आपलं काम एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापलं, आणि त्यामुळेच ते फारसं कुणी वाचलं नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच आकाशात अमेरिकी वैमानिकांना हा वारा भेटला, तेव्हा तो सगळ्यांना ठाऊक झाला. मला त्या माणसाविषयी फार आदर वाटतो. आज पॅसिफिक ओलांडणारं प्रत्येक विमान त्यानं मोजलेल्या वाऱ्याचा हिशोब करून निघतं.

जपानच्या दक्षिणेला पोहोचलो आणि पडद्यावरचा वेग वाढू लागला. आधी तासाला नऊशेच्या घरात होता, तो हजारच्या पुढे गेला. विमान स्वतः जास्त जोरानं धावत नव्हतं, वारा त्याला पुढे नेत होता. नकाशावर वाट लांबली, पण वेळ वाचला.

ह्यांनी आणखी एक प्रश्न काढला, जो वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला न्यूअर्क आणखी लांब पडायला हवं. ते तर पुढे पळतंय." नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि हवेत उडणारं विमानही. फरक पडतो तो पृथ्वीच्या सापेक्ष हवा कुठे वाहते याचा.

उड्डाणाला पाचेक तास झाले असतील, खिडकीच्या कडेला तांबूस रेघ दिसली. सूर्य आला. त्या ठिकाणच्या घड्याळानुसार बुधवारची पहाट.

मंगळवार, पुन्हा

सकाळ झाली म्हणून मी डबा उघडला. सुनेनं दशम्या आणि तिळाची चटणी दिली होती. विमानातलं शाकाहारी जेवण चांगलं होतं, त्याविषयी तक्रार नाही, पण दशमीनं बरं वाटलं.

मग आंतरराष्ट्रीय वाररेषा. ती ओलांडून पूर्वेकडे गेलं की एक दिवस मागे यायचं. खाली काही दिसत नाही, नुसता समुद्र नि ढग. पण बुधवार जाऊन पुन्हा मंगळवार लागतो. शाळेत हे शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ दिसायचा तो मला नीट आठवतो. फळ्यावर बाण काढून तो दूर होत नाही.

विमान सूर्याच्या उलट दिशेनं धावत असल्यामुळे दिवस भराभर सरला. सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं सात-आठ तासांत उरकलं. कॅनडाचा पश्चिम किनारा जवळ आला तेव्हा मागे सूर्य मावळत होता, आणि तिथे वार होता मंगळवार. म्हणजे आम्ही बुधवारचा सूर्योदय आधी पाहिला आणि मंगळवारचा सूर्यास्त नंतर. हे मी ह्यांना दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनीच मला समजावलं, तेव्हा पटलं की आता पक्कं झालं.

पुन्हा रात्र. या रात्रीत झोप लागली. विमानातली हवा साधारण १,८०० मीटर उंचीवर असते तशी ठेवलेली असते, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून जराशी विरळ. जुन्या विमानांत ती आणखी विरळ असायची. डोकं जड झालं नाही, घसाही फार कोरडा पडला नाही. दर दोन तासांनी उठून मागच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारल्या. इतक्या लांबच्या प्रवासात पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो, म्हणून पाणी प्यायचं आणि चालायचं, हे आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हवाई सुंदरी आळीपाळीनं विश्रांतीला जात होत्या. वैमानिकही असेच पाळ्या बदलतात. त्यांच्यासाठी झोपायची वेगळी जागा असते.

बुधवार, न्यूअर्क

पहाटे साडेपाचच्या सुमारास उतरलो. ह्यांच्या मनगटावरचं काट्यांचं घड्याळ सिंगापूरच्या वेळेवरच होतं, त्यातही साडेपाचच वाजले होते, फक्त संध्याकाळचे. बारा तासांच्या फरकाची ही एक गंमत, काटे हलवावे लागत नाहीत.

बाहेर अंधार, गारठा. लेक नि जावई घ्यायला आले होते. टर्नपाइक या महामार्गावरून लेकीच्या गावाकडे, एडिसनकडे निघालो आणि वाटेत सूर्य उगवला. बुधवारचा दुसरा सूर्योदय. जपानजवळ पाहिला तोही बुधवारचाच होता. पूर्वेकडून पृथ्वीला वळसा घालणाऱ्याला एक सूर्योदय जास्त मिळतो, आणि वाररेषेवर दिवस मागे घेऊन त्याचा हिशोब चुकता होतो. इतकी वर्षं जे मी खडूनं समजावलं, ते त्या सकाळी गाडीच्या काचेतून दिसलं. मी लेकीला तिथल्या तिथे सांगायला लागले. ती म्हणाली, "आई, आधी झोप."

झोप मात्र आली नाही, आणि आली ती भलत्या वेळी. बारा तासांचा फरक म्हणजे शरीराची रात्र नि गावाचा दिवस बरोबर समोरासमोर. आठवडाभर आम्ही दुपारी पेंगत होतो आणि रात्री दोनला स्वयंपाकघरात बसून चहा करत होतो. उपाय एकच लागू पडला, सकाळच्या उन्हात चालणं. शरीराचं घड्याळ उजेडानं लागतं. ढगाळ दिवशी फरक पडायचा नाही, स्वच्छ उन्हाच्या दिवशी पडायचा.

एडिसनचे दिवस नातीचे होते. ओक ट्री रोडवर फिरलो, तिथे पोहे-साबुदाण्यापासून पूजेच्या सामानापर्यंत सगळं मिळतं आणि दुकानात मराठी कानावर पडतं. त्याचं वर्णन पुष्कळांनी केलंय, मी करत नाही. नातीच्या खोलीत गोल होता, तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. तिला दोरा दिला नि म्हटलं, मामाच्या घरापासून तुझ्या घरापर्यंत ताण. तिनं आधी भिंतीवरच्या नकाशासारखा पॅसिफिकवरून आडवा ताणला. मग म्हटलं, आता सैल सोडून घट्ट ओढ. दोरा आपोआप वर सरकत ध्रुवाकडे गेला. ती ओरडलीच, "आजी, हा नॉर्थ पोलला गेला!" सपाट नकाशा ध्रुवाजवळचा भाग ताणून ताणून मोठा दाखवतो, म्हणून ती वाट आपल्याला सुचतच नाही. शाळांमध्ये नकाशे भरपूर आहेत, गोल कमी, आणि आहेत ते कपाटात. हे बदलावं असं मला मनापासून वाटतं.

गुरुवार ते शुक्रवार, परतीची वाट

मे महिन्याच्या अखेरीस निघालो. सकाळी दहानंतरचं विमान. जाताना पूर्वेकडे गेलो, तर येताना पश्चिमेकडे जाणार, असं कुणालाही वाटेल. पण पश्चिमेकडे गेलं की तोच जेट स्ट्रीम समोरून येणार. विमान निघालं ते पुन्हा पूर्वेलाच, अटलांटिकवर. अर्धी पृथ्वी ओलांडायची असली की दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या लांब असतात, मग ज्या बाजूनं वारा साथ देईल ती निवडायची. आम्ही खरोखरच पृथ्वीला पूर्ण फेरी घालत होतो.

ब्रिटनजवळ सूर्य मावळला. युरोपवरून काळ्या समुद्राकडे, मग कॅस्पियन. रशियाचं आकाश पूर्ण टाळलेलं दिसत होतं. रात्र पाचेक तासांचीच. मध्य आशियाच्या वाळवंटावर उजाडलं. खाली मातकट जमीन, कुठे एखादी नदी.

आणि मग पडद्यावर भारत आला. जयपूर, भोपाळ, आणि दहाच्या सुमारास नागपूर. ह्यांनी मला हलवून जागं केलं. खाली उन्हाचा धुरळा, अधूनमधून तलावाची चकाकी, बाकी ओळखता येईल असं काही नाही. पण नाव होतं पडद्यावर, मराठीत नसलं तरी आपलं. खाली त्या वेळी पारा चाळिशीच्या वर गेला असणार. शेजारच्या वहिनींनी आमच्या तुळशीला पाणी घातलं असेल का, असं हे म्हणाले.

घराच्या बरोबर वरून जाऊन पुढे साडेतीन हजार किलोमीटर लांब उतरायचं, हे मनाला जड गेलं. मी वही काढली. न्यूअर्क ते नागपूर सरळ अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर, नागपूर ते सिंगापूर सुमारे ३,४८०. बेरीज १६,०८०. न्यूअर्क-सिंगापूरच्या १५,३४४ पेक्षा फक्त साडेसातशेच्या आसपास जास्त. म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांमध्ये जाताना नागपूर वाटेत घेतलं तरी फारसा वळसा पडत नाही! मुलगा आणि मुलगी इतकी लांब, आणि आम्ही दोघांच्या वाटेवर. हे उत्तर आल्यावर मला बरं वाटलं.

चार तासांनी चांगी. जाताना हवेत घालवला त्यापेक्षा येताना थोडा जास्त वेळ लागला होता. घड्याळ याही वेळी बदलावं लागलं नाही.

शनिवार, टँपिनीस

नागपूरला उद्या निघायचं. माझ्या धाकट्या बहिणीलाही जानेवारीत याच वाटेनं भाचीकडे जायचंय, म्हणून मुलानं विचारलं, "मावशीला किती तास सांगू?" मी म्हटलं, वेळापत्रकातले तास सांग, पण हेही सांग की जानेवारीत जपानवरचा वारा सर्वांत जोरकस असतो, तेव्हा जाताना विमान वेळेच्या आधीही पोहोचू शकतं. आणि हिवाळ्यात न्यू जर्सीचं घड्याळ सिंगापूरच्या तेरा तास मागे असतं, बारा नाही, तेव्हा काटे एक तास मागे घ्यावे लागतील. दशम्या तिला आवडत नाहीत, तिखट-मिठाच्या पुऱ्या दे. आणि जागा खिडकीची घे, डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूची, जपान येईपर्यंत जागी राहायला सांग.